पायलटचं मेडिकल: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. विमान उडवतो, दर वर्षी स्वतः मेडिकलला, म्हणजे लायसन्ससाठीच्या वैद्यकीय तपासणीला जातो आणि इतकी वर्षं झाली तरी आदल्या रात्री मला नीट झोप लागत नाही. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की शेवटी एका जागी लिहून काढायचं ठरवलं. प्रश्न तुमचेच आहेत, मी फक्त थोडे सोपे करून घेतलेत. नियम देशागणिक थोडे बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या एव्हिएशन मेडिकल एक्झामिनरचाच, म्हणजे विमान वाहतूक खात्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरचा. पुढे त्याला एएमई म्हणतो.

१. क्लास वन, टू, थ्री म्हणजे नक्की काय, आणि मला कुठलं लागणार?

सगळ्याचं मूळ इकाओमध्ये, म्हणजे १९४४ च्या शिकागो करारातून निघालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेत. त्या कराराचं पहिलं परिशिष्ट लायसन्सबद्दल आहे आणि त्यात मेडिकलचे निकष दिलेत. पैसे घेऊन उडवायचं असेल, म्हणजे कमर्शियल किंवा एअरलाइनचं लायसन्स, तर क्लास वन. स्वतःच्या हौसेसाठी प्रायव्हेट लायसन्स, ग्लायडर, बलून यांना क्लास टू. क्लास थ्री एअर ट्रॅफिक कंट्रोलरसाठी.

आता गोंधळ इथे होतो. अमेरिकेत हेच आकडे वेगळ्या अर्थाने वापरतात, तिथे फर्स्ट क्लास एअरलाइनच्या कॅप्टनला, सेकंड कमर्शियलला आणि थर्ड क्लास प्रायव्हेट पायलटला. त्यामुळे कुठल्यातरी अमेरिकन व्हिडिओत "थर्ड क्लासला एवढं चालतं" ऐकून इथे तसं गृहीत धरू नका, आठवड्याला एक तरी मेसेज यावरून येतो.

२. ट्रेनिंगची फी आधी भरू की मेडिकल आधी करू?

मेडिकल आधी. आणि शेवटी जे लायसन्स हवंय त्याच क्लासचं करा. एअरलाइनमध्येच जायचंय तर शिकायला क्लास टू पुरतं म्हणून तेवढंच करून सुरुवात करायची आणि दीडशे तास उडवल्यावर क्लास वनमध्ये डोळ्यांवर अडकायचं, हे मी दोघांच्या बाबतीत बघितलंय. शाळा तुम्हाला थांबवणार नाही, तिचा त्यात काय तोटा.

३. तिथे नेमकं काय काय तपासतात?

सगळ्यात महत्त्वाचा भाग मशीनवर होतच नाही, तो फॉर्म असतो. आजवरचे आजार, ऑपरेशन्स, गोळ्या, चक्कर, बेशुद्ध पडणं, मानसिक उपचार, घरातले आजार, सगळं विचारतात आणि खाली सही घेतात. त्या सहीचं महत्त्व प्रश्न १८ मध्ये कळेल.

मग डोळे, कान, नाक-घसा, बीपी, ईसीजी, रक्त, लघवी, छाती-पोट-सांधे, तोल आणि हातापायांचे रिफ्लेक्स. काही देशांत पहिल्या वेळी एक्सरे किंवा सोनोग्राफीही सांगतात. लघवीत ड्रग्ज बघतात का, हा ठरलेला प्रश्न असतो. अमेरिकेच्या मेडिकलमध्ये लघवीत साखर आणि प्रोटीन बघतात, ड्रग टेस्ट ही कंपनीकडून वेगळी होते. बाकी ठिकाणी एएमईला विचारा.

तयारीचं म्हणाल तर आदल्या दिवशी जिममध्ये जीव तोडून व्यायाम करू नका, त्याने लघवीत तात्पुरतं प्रोटीन दिसतं आणि उगाच पुढच्या तपासण्या मागे लागतात. हेडफोन लावून मोठ्याने गाणी नको, सकाळी तीन कप कॉफी नको. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर किती दिवस आधी काढून ठेवायच्या ते फोन करून विचारा. चष्म्याचा नंबर आणि जुने रिपोर्ट फाइल करून सोबत न्या.

४. एकदा झालं की किती दिवस चालतं?

इकाओच्या हिशोबाने कमर्शियल आणि एअरलाइन पायलटला १२ महिने. वय ४० च्या वर आणि प्रवासी घेऊन एकट्याने उडवत असाल तर ६ महिने, आणि ६० नंतर कमर्शियल उडवणाऱ्या सगळ्यांनाच ६ महिने. प्रायव्हेट पायलटला ४० पर्यंत ६० महिने, मग २४, आणि ५० नंतर १२. हे कमीत कमी निकष आहेत, देश याहून कडक राहू शकतो. अमेरिकेत एअरलाइनच्या कॅप्टनला चाळिशीनंतर सरसकट ६ महिने आहेत. युरोपात तारीख संपायच्या आधी ४५ दिवसांत कधीही रिन्यू केलं तर जुनीच तारीख पुढे धरली जाते, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणू नका, एखादा रिपोर्ट परत करायला लागला तर तेवढा वेळ हाताशी राहतो.

५. मला चष्मा आहे, पायलट होता येईल का?

येईल. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. क्लास वनला लांबचं प्रत्येक डोळ्याने ६/९ (चांगल्या डोळ्याला ९ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून) आणि दोन्ही मिळून ६/६ दिसलं पाहिजे, चष्मा लावून किंवा न लावता. चष्म्याशिवाय किती दिसतं यावर इकाओची खालची मर्यादा नाही, पण नंबर खूप मोठा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरचा पूर्ण रिपोर्ट मागतात, कारण जास्त मायनस नंबरवाल्यांचा पडदा पातळ असू शकतो. क्लास टूला प्रत्येक डोळा ६/१२, दोन्ही मिळून ६/९. जवळचं म्हणजे चार्टवरची बारीक अक्षरं ३० ते ५० सेंटिमीटरवर आणि पॅनेलवरची साधारण १ मीटरवरून वाचता आली पाहिजेत, म्हणून चाळिशी लागली की बऱ्याच कॅप्टन लोकांच्या नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा येतो.

सर्टिफिकेटवर मग एक अट छापून येते, चष्मा घालूनच उडवायचं आणि दुसरा चष्मा हाताशी ठेवायचा. दुसरा म्हणजे खरोखर हाताशी, होल्डमधल्या बॅगेत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण प्रत्येक लेन्समध्ये एकच पॉवर (बायफोकल नाही) आणि बिनरंगी, आणि सोबत चष्मा हवाच.

६. लेझर करून नंबर घालवला तर चालतं का?

आजच्या लेझर पद्धती बहुतेक देशांत चालतात, पण ऑपरेशननंतर नंबर स्थिर व्हावा लागतो, रात्री दिव्यांभोवती वलयं किंवा चमक दिसत नाही हे तपासलं जातं, आणि आधीचा नंबर किती होता त्याचा कागद मागतात. तो कागद जपून ठेवा. नुसत्या मेडिकलसाठी करणार असाल तर नका करू, चष्म्यावर भागतं हे वरच सांगितलंय.

७. मी थोडा कलर ब्लाइंड आहे. इशिहाराचं पुस्तक पाठ करून गेलो तर?

हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायची ती इशिहारा चाचणी. युरोपात २४ पानी आवृत्तीची पहिली १५ पानं उलटसुलट क्रमाने दाखवतात आणि एकही चुकायला नको. अमेरिकेने तर १ जानेवारी २०२५ पासून नव्या अर्जदारांना कॉम्प्युटरवरची चाचणीच सक्तीची केलीये, तिच्यात रंगाचे ठिपके प्रत्येक वेळी बदलत असल्याने पाठांतराचा काहीच उपयोग होत नाही.

पण इशिहारा चुकली म्हणजे खेळ संपला असंही समजू नका. ती फार संवेदनशील आहे, थोडासा दोष असलेल्यालाही पकडते. पुढे लँटर्न टेस्ट (रंगीत दिवे ओळखायची) किंवा सीएडी सारखी कॉम्प्युटर टेस्ट असते, त्यात दोष किती आहे याचा आकडा मिळतो, आणि लाल, हिरवा, पांढरा ओळखता येतोय हे सिद्ध झालं तर क्लास वनही मिळू शकतं. नाही झालं तर बऱ्याच ठिकाणी क्लास टू फक्त दिवसा उडवायच्या अटीवर देतात. तसा दोष काही दुर्मिळ नाही, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे एकाला असतो, बायकांत दोनशेत एखादीला.

आता एवढं कडक कशासाठी, तर २६ जुलै २००२ ला फेडएक्सचं एक मालवाहू बोइंग ७२७ अमेरिकेत टालाहासीला पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत उतरलं. धावपट्टीशेजारचे लाल-पांढरे दिवे विमान खूप खाली आलंय हे सांगत होते. तपासात थकवा वगैरे कारणांसोबत को-पायलटचा रंगदोषही हातभार लावणारं कारण म्हणून नोंदला गेला. तिघेही वाचले, हे नशीब.

८. एका कानाने कमी ऐकू येतं, मग?

इकाओचा क्लास वनचा निकष प्रत्येक कानाला वेगळा लागू होतो, ५००, १०००, २००० हर्ट्झला ३५ डेसिबलहून जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० हून जास्त घट नको. नाही बसलात त्यात, तरी कॉकपिटसारख्या आवाजात बोलणं कळतं का ही वेगळी परीक्षा घेता येते. कमी ऐकू येण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कानाला बसलेले दडे सुटतात का, कारण उतरताना दाब बदलतो आणि दडा नाही सुटला तर पडदा फाटेपर्यंत दुखतं.

९. एकच डोळा आहे किंवा हात-पाय नाही, अशा माणसाने स्वप्नच बघू नये का?

वायली पोस्ट नावाच्या माणसाचा डावा डोळा तेलविहिरीवरच्या अपघातात गेला होता, त्याने १९३३ मध्ये एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती करणारा तो पहिला. डग्लस बेडरचे दोन्ही पाय १९३१ च्या अपघातात गेले आणि तो दुसऱ्या महायुद्धात फायटर उडवत होता. जेसिका कॉक्सला जन्मापासून दोन्ही हात नाहीत, २००८ मध्ये तिने पायांनी छोटं विमान उडवून लायसन्स मिळवलं.

आजचा नियम सांगायचा तर, कमतरता स्थिर असेल, म्हणजे उद्या अचानक वाढणार नसेल, तर विमानात बसवून प्रत्यक्ष परीक्षा घेतात. त्याला मेडिकल फ्लाइट टेस्ट म्हणतात. एक डोळा गेल्यावर अंतराचा अंदाज परत बसायला काही महिने लागतात, अमेरिकेत सहा महिने थांबवतात. प्रायव्हेटला जमून जातं, एअरलाइनला देशाप्रमाणे कठीण ते अशक्य.

१०. उंची कमी आहे / वजन जास्त आहे, अडेल का?

उंचीची इकाओची अट नाही. पेडलला पाय आणि पॅनेलला हात पोचला पाहिजे, बस. काही एअरलाइन स्वतःची उंचीची अट लावतात, ती नोकरीची अट झाली, मेडिकलची नाही.

वजनाचं वेगळं आहे. युरोपात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या वर गेला की हृदयाचा धोका आणि झोपेतला श्वास दोन्ही तपासतात. झोपेत श्वास अडकणं, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, हा पायलटच्या बाबतीत घोरण्याचा विनोद राहत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये हवाईत होनोलुलूहून हिलोला निघालेल्या एका छोट्या जेटचे दोन्ही पायलट सकाळी सकाळी झोपी गेले, १८ मिनिटं रेडिओवर उत्तर नाही, विमान हिलो ओलांडून समुद्रावर पुढे गेलं. जागे झाले, परत वळून उतरले. कॅप्टनला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया होता आणि त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. रात्री मशीन लावून झोपणारे, त्याचं रेकॉर्ड दाखवणारे पायलट मात्र आरामात फिट राहतात. त्यामुळे बायको किंवा नवरा घोरण्यावरून बोलत असेल तर ऐका.

११. घरी बीपी नॉर्मल, पण तिथे गेलं की वाढतं. काय करू?

माझंही तेच. एकदा १६४ आलं, पंधरा मिनिटं खुर्चीत बसवून ठेवलं, मग १३८. एकाच रीडिंगवर सहसा कोणी बाद करत नाही, परत घेतात, नाहीतर २४ तास दंडाला मशीन बांधून पाठवतात. अमेरिकेत मर्यादा १५५/९५ आणि युरोपात सातत्याने १६०/९५ च्या वर गेलं तर अनफिट. बीपीची गोळी सुरू असली तरी चालतं, बहुतेक नेहमीच्या गोळ्या मान्य आहेत, फक्त नवीन गोळी सुरू केल्यावर ती अंगाला लागू पडेपर्यंत काही दिवस जमिनीवर राहावं लागतं.

१२. मला काही होत नाही, ऑफिसात कोणी विचारणारही नाही अशा गोष्टीवर अनफिट करतात, हे ठरवतात कशावरून?

तुम्ही किती निरोगी आहात यात एएमईला तेवढा रस नसतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की तुम्ही अचानक कोसळाल का. हळूहळू वाढणारं, आधी सूचना देणारं दुखणं बऱ्याचदा चालतं, आणि एरवी किरकोळ वाटणारं पण क्षणात आडवं करणारं चालत नाही.

यासाठी एक टक्का नियम म्हणून हिशोब आहे, दोन पायलटच्या विमानासाठी. वर्षभरात अचानक निकामी होण्याची शक्यता १ टक्क्याच्या आत हवी. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे तासाला साधारण दहा लाखात एक. टेक-ऑफ आणि लँडिंगचा नाजूक काळ उड्डाणाच्या अंदाजे दहावा भाग. आणि त्या नाजूक क्षणी एक पायलट कोसळला तरी दुसरा शंभरातून नव्व्याण्णव वेळा सावरतो असं धरलंय. सगळं गुणलं की पायलट कोसळल्याने होणारा अपघात एक अब्ज तासांत एक इतका खाली जातो. दुसरा पायलट काढून टाका, हिशोब गडगडतो, म्हणूनच एकट्याने प्रवासी नेणाऱ्याला नियम कडक. सगळे देश हा आकडा तसाच वापरत नाहीत, काही २ टक्क्यांपर्यंत जातात, पण विचार हाच.

१३. हार्ट अटॅक येऊन गेला, स्टेंट टाकलाय. परत उडवता येईल?

येऊ शकतं. युरोपात निदान सहा महिने थांबून मग स्ट्रेस टेस्ट, इको, रक्तवाहिन्यांची स्थिती हे सगळं बघून बहुतेकदा "फक्त दुसऱ्या पायलटसोबत" या अटीवर परत घेतात, सर्टिफिकेटवर त्याचा कोड ओएमएल. का, ते प्रश्न १२ मध्ये आलंय. ईसीजी किती वेळा? इकाओ सांगते पहिल्या वेळी, मग ३० ते ५० वयात दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी.

१४. शुगर आहे. इन्सुलिन घेतो.

गोळ्यांवर असाल तर कुठली गोळी यावर सगळं आहे. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर एकदम खाली नेत नाही, म्हणून ती बऱ्याच ठिकाणी चालते. काही जुन्या गोळ्या आणि इन्सुलिन यांची भीती साखर वाढण्याची नसतेच, एकदम उतरण्याची असते, घाम, गोंधळ, मग बेशुद्धी.

बराच काळ इन्सुलिन म्हणजे सरळ नाही होतं. मग ब्रिटनने २०१२ पासून इन्सुलिनवरच्या पायलटना कडक अटींवर क्लास वन द्यायला सुरुवात केली, उडताना तासातासाला साखर मोजायची, उतरण्याआधी अर्ध्या तासात परत, आणि दोघांच्या कॉकपिटमध्येच. अमेरिकेने प्रायव्हेटला १९९६ पासून दिलं होतं, एअरलाइनसाठी दार २०१९ च्या शेवटी उघडलं, सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या जोरावर. पण अनेक देशांत अजून क्लास वनला इन्सुलिन चालत नाही, तेव्हा तुमच्या देशाचा नियम बघूनच पुढे जा.

१५. सोनोग्राफीत छोटा मुतखडा दिसला, दुखत तर नाही. सांगावं का?

सांगावंच. ज्याला मुतखड्याची कळ आलीये त्याला विचारा, माणूस जमिनीवर लोळतो, लँडिंग कुठलं करतोय. खडा निघाला किंवा काढला, परत होण्याचं कारण तपासलं की फिट मिळतं. खडा आत असताना कुठे आहे आणि हलतोय का यावर तज्ज्ञाचा रिपोर्ट मागतात.

१६. लहानपणी फिट आली होती. मग मी कायमचा अनफिट?

आपल्याकडे "फिट" शब्दाचीच गंमत आहे, फिट आली की अनफिट. पण कशी आली यावर आहे. चार-पाच वर्षांच्या आत तापात आलेल्या झटक्याने सहसा अडत नाही. त्यानंतर कारण न सापडलेला एक झटका आला असेल तर ईईजी (मेंदूचा आलेख), न्यूरॉलॉजिस्ट आणि बरीच वर्षं थांबणं आलं. एपिलेप्सी असेल तर एअरलाइनचं दार जवळपास बंद. अमेरिकेत दहा वर्षं एकही झटका नाही आणि त्यातली शेवटची तीन वर्षं गोळीशिवाय, असं असेल तर निदान विचार करतात. भर उन्हात रांगेत उभं असताना चक्कर येऊन पडणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, कारण समजलं की त्याचा फार बाऊ होत नाही. तेव्हा जो कागद असेल तो शोधा, "आई म्हणते तापात झालं होतं" हे एएमईला पुरत नाही.

१७. डिप्रेशनची गोळी चालू आहे किंवा काउन्सेलरकडे जातो. लायसन्स जाईल का?

हा प्रश्न रात्री उशिरा येतो, बहुतेकदा नाव न लिहिता. म्हणून जरा लांब लिहितो.

नुसतं काउन्सेलरकडे जाणं, घटस्फोट, घरातलं कोणी जाणं, यावरून कोणी कायमचं बाद होत नाही. सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये आता औषध घेऊनही उडवता येतं. ऑस्ट्रेलियात हे कित्येक दशकांपासून आहे, अमेरिकेने एप्रिल २०१० मध्ये फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम या चार औषधांना परवानगी दिली. औषध सुरू केलं की काही महिने जमिनीवर, तब्येत स्थिर झाली की मानसोपचारतज्ज्ञाचा रिपोर्ट, बुद्धीच्या चाचण्या, मग नियमित तपासणीच्या अटीवर परत. बायपोलर आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) मात्र जवळपास सगळीकडे अनफिट, आणि ते का हे १९८२ च्या जपान एअरलाइन्सच्या टोकियोतल्या हानेदाच्या अपघातावरून कळतं, मानसिक आजार असलेल्या कॅप्टनने उतरताना विमान मुद्दाम समुद्रात घातलं, २४ जण गेले.

२४ मार्च २०१५ चं जर्मनविंग्ज सगळ्यांना माहीत आहे, १५० जण. को-पायलट अनेक डॉक्टरांकडे जात होता, कामावर जाऊ नको असा दाखला त्याच्याकडे होता, पण ना त्याने कंपनीला सांगितलं ना डॉक्टरांनी. यानंतर युरोपने फेब्रुवारी २०२१ पासून एअरलाइनना दोन गोष्टी सक्तीच्या केल्या, नोकरीवर घेण्याआधी मानसिक मूल्यमापन आणि पायलटसाठी पीअर सपोर्ट, म्हणजे दुसऱ्या पायलटशीच खासगीत बोलायची सोय.

माझं मत विचाराल तर नियम जेवढा कडक वाटतो तेवढा माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो, आणि तोच खरा धोका. तुमच्या कंपनीत पीअर सपोर्ट असेल तर आधी तिथे बोला, काही महिने घरी बसणं परवडतं. आणि गोळी मनाने बंद करून मेडिकलला जाऊ नका, त्याने आजार परत येतो आणि मग खरंच लांबतं.

१८. फॉर्ममध्ये लिहिलंच नाही तर त्यांना कळणार कसं?

विमा, हॉस्पिटल, औषधाच्या दुकानातलं रेकॉर्ड, घटस्फोटाचा खटला, सोशल मीडिया. कळतं. अमेरिकेत २०२३ मध्ये बातमी फुटली की सुमारे ४८०० पायलट, सगळे माजी सैनिक, एकीकडे अपंगत्वाचा भत्ता घेत होते आणि दुसरीकडे मेडिकलच्या फॉर्मवर ते आजार लिहीतच नव्हते असा संशय होता. सरकारने दोन याद्या समोरासमोर ठेवल्या, झालं. तिथे खोट्या माहितीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

आणि कळलं नाही तर काय होतं? २२ एप्रिल १९६६ ला ओक्लाहोमातल्या आर्डमोरजवळ एक इलेक्ट्रा विमान लँडिंगच्या वेळी टेकडीवर आदळलं, ८३ मेले. कॅप्टनला हृदयविकार आणि मधुमेह होता, कित्येक वर्षं त्याने मेडिकलमध्ये दोन्ही लपवले होते. विमान कंपनी त्याचीच होती, त्याला नोकरी जायची भीतीसुद्धा नव्हती.

बरेच आजार सांगितले तर अट लागून सुटतात. लपवलेलं सापडलं की आजार बाजूला राहतो आणि खोटेपणावर लायसन्स जातं.

१९. सर्दीसाठी साधी गोळी घेतली, उडू का?

साधी म्हणजे कुठली? सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असतं, त्याने गुंगी येते आणि गंमत म्हणजे माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं. अमेरिकेत डायफेनहायड्रामिननंतर ६० तास थांबायला सांगतात, म्हणजे अडीच दिवस. साधारण हिशोब असा की गोळीच्या दोन डोसांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या पाचपट थांबायचं. लोरॅटाडिन, फेक्सोफेनाडिन बऱ्याच ठिकाणी चालतात, पण आधी जमिनीवर घेऊन बघा. आणि गोळी चालणारी असली तरी सर्दी चालेलच असं नाही, दड्यांचं प्रश्न ८ मध्ये लिहिलंय.

२०. दारू किती तास आधी बंद?

अमेरिकेत ८ तास आणि रक्तात ०.०४ टक्क्यांच्या आत, युरोपातही ८ तास पण मर्यादा लिटरला ०.२ ग्रॅम, म्हणजे ०.०२ टक्के, भारतात १२ तास आणि मशीनवर शून्य. तास मोजून नुसतं भागत नाही, रात्री भरपूर प्यायलात तर आठ तासांनीही मशीन वाजतं. व्यसन असेल तर अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हिम्स नावाचा कार्यक्रम आहे, उपचार, देखरेख आणि परत कॉकपिट, हजारो पायलट त्यातून परत आलेत.

२१. प्रेग्नंट असताना उडवता येतं का?

इकाओच्या शिफारशीप्रमाणे सगळं सुरळीत असेल तर साधारण १२ व्या आठवड्याच्या शेवटापासून २६ व्या आठवड्याच्या शेवटापर्यंत. युरोपात क्लास वनला २६ आठवडे संपेपर्यंत, दुसऱ्या पायलटसोबत. कळल्याबरोबर एएमईला सांगायचं असतं, कंपनीला नंतर सांगितलं तरी.

२२. वयाची मर्यादा आहे का?

प्रायव्हेटला नाही, मेडिकल मिळतंय तोवर उडवा. आंतरराष्ट्रीय एअरलाइनला दोन पायलटच्या विमानात ६५, पूर्वी ६० होती, २००६ मध्ये वाढवली. एकट्याने कमर्शियल उडवायला ६०.

२३. मेडिकलशिवाय उडवता येतं असं ऐकलं, खरं का?

पूर्ण खरं नाही. अमेरिकेत मे २०१७ पासून बेसिकमेड आहे, एकदा कधीतरी खरं मेडिकल झालेलं असेल तर नंतर दर ४ वर्षांनी कुठल्याही डॉक्टरकडून तपासणी आणि दर २ वर्षांनी ऑनलाइन कोर्स, तेही छोट्या विमानांना आणि पैसे न घेता. ब्रिटनमध्ये प्रायव्हेट पायलटला स्वतःचं घोषणापत्र भरून चालतं. पण दुसऱ्या देशात उडून जायचं असेल तर तिथला नियम बघा, हे कागद सीमेपलीकडे सगळीकडे चालत नाहीत.

२४. अनफिट आलं. आता काय?

आधी कागद नीट वाचा, तात्पुरतं की कायम. मला मेसेज करणाऱ्यांपैकी बहुतेकांचं तात्पुरतं असतं आणि ते घाबरून कायमचं समजून बसलेले असतात. तात्पुरत्यात काय हवंय ते लिहिलेलं असतं, तेवढं करा. दुसऱ्या शहरात जाऊन दुसऱ्या एएमईकडे नव्याने अर्ज करायचा शहाणपणा करू नका, रेकॉर्ड एकच असतं.

कायमचं असेल तर रिव्ह्यू किंवा अपील असतं. इकाओच्या नियमातच एक लवचीक कलम आहे, एखादा निकष पूर्ण होत नसला तरी तज्ज्ञांच्या मान्य निष्कर्षावरून सुरक्षिततेला धोका नाही असं ठरलं तर अटींसह सर्टिफिकेट देता येतं. त्यासाठी "रुग्ण ठीक आहे" असं दोन ओळींत लिहिणारा डॉक्टर उपयोगाचा नाही. पुढच्या वर्षभरात अचानक त्रास व्हायची शक्यता किती, हे आकड्यात लिहिणारा शोधा (प्रश्न १२).

२५. मेडिकल व्हॅलिड आहे, पण मधेच हाड मोडलं किंवा ऑपरेशन झालं. तारीख आहे म्हणून उडू का?

नाही. सर्टिफिकेट त्या दिवशीचा फोटो आहे. ऑपरेशन, हॉस्पिटलात भरती, रोजची नवीन गोळी, पहिल्यांदा चष्मा, प्रेग्नन्सी, लांबलेलं आजारपण, यातलं काहीही झालं की आधी एएमईशी बोलायचं. डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करून आत गॅस सोडला असेल तर प्रवासी म्हणूनही विमानात बसू नका. केबिनमधला दाब साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो, तिथे गॅस फुगतो आणि डोळा जाऊ शकतो.

२६. एवढं सगळं करूनही पायलट हवेत कोसळलाच तर?

१८ जून १९७२ ला लंडनजवळ स्टेन्सला एक ट्रायडेंट विमान टेक-ऑफनंतर लगेच पडलं, ११८ जण होते, कोणी वाचलं नाही. शवविच्छेदनात कॅप्टनच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार सापडला आणि चौकशीत तो एक कारण म्हणून धरला गेला. तो कोसळला नव्हता, छातीत दुखत असताना बसून चुकीचे निर्णय घेत होता असं दिसतं, आणि शेजारच्या तरुण पायलटला ते ओळखता आलं नाही.

आता सिम्युलेटरमध्ये हे शिकवतात. समोरच्याला दोनदा काही सांगितलं आणि उत्तर आलं नाही, किंवा विमान ठरल्यापेक्षा बाजूला चाललंय, एकदा सांगून तो दुरुस्त करत नाही, तर तो ठीक नाही असं धरायचं आणि कंट्रोल आपल्याकडे घ्यायचा, कॅप्टन असला तरी. मग त्याला खुर्चीच्या मागे ओढून पट्ट्याने बांधायचं, केबिन क्रूला बोलवायचं, विमानात कोणी डॉक्टर आहे का विचारायचं आणि जवळच्या चांगल्या विमानतळावर उतरायचं. आम्ही हा सराव करतो तेव्हा ज्याची कोसळायची पाळी असते तो फार मनापासून कोसळतो, एकदा माझ्या जोडीदाराने असं काही कंट्रोलवर अंग टाकलं की त्याला मागे ओढण्यातच माझी निम्मी ताकद गेली, आणि तेव्हा कळलं की खुर्चीचं लॉक कुठल्या बाजूला आहे हे आधी हाताने चाचपून ठेवलेलं बरं.